माजी सैनिक वडिलांची स्मरणिका: काय तपासावं, काय छापावं?

माणदेशी
अण्णा १ मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. १९६३ ला भरती, १९८४ ला हवालदार म्हणून निवृत्त. वर्षश्राद्धाला नातवंडांच्या हाती द्यायला सोळा पानांची स्मरणिका करायची आहे. ट्रंकेत डिस्चार्ज बुक, चार पदकं, पत्रं, मनीऑर्डरची कुपनं आणि काचेला चिकटलेला एक फोटो आहे. १९७१ च्या युद्धात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या लढाईत ते होते असं गावात सगळे सांगतात. तसं छापायला पुरावा कोणता धरावा? आणि घरचा माणूसही दिसायला हवा, नुसती नोकरीची जंत्री नको.

दप्तरखाना
पहिल्यांदा डिस्चार्ज बुक. सैनिक क्रमांक, भरती-निवृत्तीच्या तारखा, पदकं, वर्तनाचा शेरा, बायको-मुलांची नावं, सगळं त्यात सापडतं. मुलांच्या जन्मतारखा शाळेच्या दाखल्याशी पुष्कळदा जुळत नाहीत, तेव्हा घरी विचारूनच छापा. गोल पदकांच्या काठावर क्रमांक, हुद्दा आणि नाव असतं. क्रमांक पुस्तकाशी ताडून बघा. हुद्दा वेगळा दिसला तर घाबरू नका, बढती पुढे मिळालेली असते.

जमालपूरला जंगी पलटण होती हे पक्कं. ९५ माउंटन ब्रिगेडखाली तिने वेढा घातला आणि ११ डिसेंबर १९७१ ला ठाणं पडलं. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तेव्हा पाकिस्तानी कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली होती. पण पलटण तिथे होती म्हणजे अण्णा होतेच असं नाही. त्या महिन्यात जवान रजेवर, कोर्सला किंवा बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरवर असू शकतो. पदकांत पूर्वी स्टार, म्हणजे १९७१ च्या पूर्व आघाडीचं पदक असेल तर बाजू भक्कम होते, तरी तेवढ्यावर थांबू नका. बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करून सेवेचा तपशील मागवा. आई कुटुंबनिवृत्तिवेतन घेत असतील तर सही त्यांचीच घ्या. सोबत डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्राच्या प्रती लावा. अर्ज आजच टाका, कारण जुनी कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली जातात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अण्णांची नोंद असेल, तिथेही चौकशी करा.

निळं अंतर्देशीय
घरचा माणूस हवा ना? मग पत्रं आणि कुपनं हाच खजिना आहे. पत्त्यात '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असेल तर पलटण पूर्वेकडे होती, '५६ एपीओ' असेल तर पश्चिमेला किंवा उत्तरेला. गावाचं नाव मुद्दामच नसतं. शिक्क्यावरची तारीख वाचा आणि सगळी पत्रं त्या क्रमाने लावा. मग कुपनाच्या चार बोटं जागेत लिहिलेलं वाचा: बियाण्याला किती, शाळेच्या फीला किती, आईच्या औषधाला किती. असं एक कुपन मूळ आकारात, त्यांच्या अक्षरासकट छापा. गुणवर्णनाची दोन पानं त्यापुढे फिकी पडतील.

लग्न आणि मुलांचे जन्म पलटणीत 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या लेखी आदेशाने नोंदले जातात. त्या तारखा पत्रांशेजारी ठेवल्या की बाळ जन्मलं तेव्हा बाप कुठल्या टोकाला होता ते कळतं.

छायाप्रत
काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेलाच राहतो. काचेसकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर; पासपोर्ट आकाराचे १२०० वर. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको: उष्णतेने कागद आणि प्लास्टिक एकजीव होतात, पुन्हा सुटत नाहीत. टाचण्या काढा, गंज कागद खातो. पदकं पितांबरीने घासू नका, काठावरची अक्षरं झिजतात. कोरड्या सुती कापडाने पुसा, बस्स.

माणदेशी
मनापासून आभार, अर्ज उद्याच टाकतो. एका फोटोत पदकं उजव्या छातीवर दिसतात. असं कसं?

छायाप्रत
निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढलेली असणार. नावाची पट्टी किंवा मागची पाटी उलटी दिसते का बघा. तसं असेल तर छापण्याआधी फोटो आडवा पलटवा. अक्षरं सुलटी असतील तर फोटोतला माणूस अण्णाच आहेत ना, हे आईंकडून तपासा. स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावतात, दिवंगत नातलगाची उजव्या.

दप्तरखाना
छपाईआधी एक बघा: नावामागे 'शहीद' लावू नका, 'हवालदार (निवृत्त)' लिहा. निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदार हुद्दा मिळाला असेल तर 'मानद' हा शब्द गाळू नका.