मदत हवी आहे: गल्लीतले घर नंबर १०४१ वरून एकदम ११८७ वर कसे गेले?

बोळातला
नमस्कार. घाईत लिहितोय. आमच्या गल्लीत १०३९, १०४०, १०४१ असे नंबर शिस्तीत येतात आणि पुढचं घर थेट ११८७! मधले १४५ नंबर गेले कुठे? शिवाय आमचा जुना नंबर ६१२ होता, म्हणजे कधीतरी सगळेच बदलले. कधी, कोणी, आणि जुन्या-नव्याचा तक्ता कुठे मिळेल, एवढंच हवंय. पुढच्या महिन्यात वाडा उतरवणार आहेत, त्याआधी गल्लीचा इतिहास लिहून ठेवायचाय. 'गूगल करा' म्हणू नये, केलंय.

तिरळा चष्मा
पेठ कुठली?

बोळातला
सदाशिव. लिहिलं नाही का?

तिरळा चष्मा
नाही.

मोडीवेडा
पुराभिलेखागारात जा, पेशवे दफ्तर बघा. पण आधी मोडी शिका, दोन महिन्यांत येते. मी सांगतो म्हणून करा, घराचा इतिहास मोडीशिवाय लागत नाही.

तिरळा चष्मा
पेशवाई संपली १८१८ ला. पुण्याला नगरपालिका आली त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. घरपट्टीचे नंबर दफ्तरात कुठून सापडणार?

मोडीवेडा
नंबर नाही, वाडा सापडेल. नंतरची खरेदीखतंसुद्धा कितीतरी वर्षं मोडीतच होती. असो. ज्याला शॉर्टकट हवा त्याला काय सांगणार.

पर्वती पायथा
जुनं रेकॉर्ड पानशेतच्या पुरात गेलं असेल. १२ जुलै १९६१. आमच्या मामांचं नारायण पेठेतलं अख्खं घर गेलं.

तिरळा चष्मा
पुण्यात एखादा कागद सापडला नाही की पानशेत. बिचाऱ्या धरणाने किती सोसायचं?

फीतवाले काका
नगर भूमापनात नोकरी झाली, म्हणून बोलतो. १०४१ हा घर नंबर की सिटी सर्व्हे नंबर? खतात दोन्ही असतात, 'सि.स.नं. अमुक, घर नं. तमुक', आणि ते जुळतीलच असं नाही. घर नंबर नगरपालिकेचा, घरपट्टीसाठी. सि.स.नं. जमिनीचा. पण दोन्ही पेठेला दिलेले आहेत, रस्त्याला नाहीत. केसरीवाडा ५६८ नारायण, इतिहास संशोधक मंडळ १३२१ सदाशिव. पत्त्यात रस्ता आला नाही तरी अडत नाही. नंबर टाकणारा एका आळीने जातो, टोकाला वळतो, मागच्या बोळातून फिरतो आणि शे-दीडशे घरांनंतर तुमच्याच गल्लीत दुसऱ्या तोंडाने शिरतो. दोन फेऱ्या जिथे भेटतात तिथे तुम्हाला उडी दिसते. नंबर हरवलेले नाहीत, तुमच्या पाठीमागे आहेत. ११८७ चा दिंडी दरवाजा कुठे उघडतो ते आधी बघा.
मिळकत पत्रिका काढा, आणि जमल्यास चौकशी नोंदवहीची नक्कल. भोगवटादार कोण, हक्क कुठून आला, ते तिथे मिळतं. वाटण्या झाल्या की नंबराला शेपट्या लागतात, १०४०/२ वगैरे. त्याही टिपा.

कोथरूडकर नाइलाजाने
घरपट्टीचा विषय निघालाच आहे तर, वडिलांच्या नावची करपावती माझ्या नावावर करायला काय काय लागतं?

तिरळा चष्मा
नवीन धागा काढा.

उंबरठा
नंबर हवाच कशाला? आमच्या आजोबांचा पत्ता 'उपाशी विठोबाजवळ' एवढाच. पाकिटावर खाली 'पुणे ३०'. १९७२ ला पिनकोड आले तेव्हा त्याच ३० चं ४११०३० झालं. बोळातला, जुनी पाकिटं असतील तर त्यावरून पत्रांचा काळ लावता येईल.

बोळातला
पाकिटं नाहीत. भाडेपावत्या आहेत, त्यांवर नुसतं 'नागनाथ पाराजवळ'. काका, बघून सांगतो. पण ६१२ चं काय?

निवृत्त बाई
तो ६१२ तुम्हाला मिळाला कुठे? इतका वेळ कोणी विचारलंच नाही.

बोळातला
दाराच्या चौकटीवर आहे की. गेरूने लिहिलेला.

निवृत्त बाई
अहो, गेरूने! ९१ च्या जनगणनेच्या घरयादीचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात होतं. गेरूचा डबा घेऊन मी निम्मी पेठ पालथी घातली आहे. आधी इमारतीचा नंबर, मग कंसात त्यातल्या घराचा. ६१ आणि २ मध्ये जागा आहे का, बघा.

मोडीवेडा
गेरूने मोडीतही आकडे लिहीत असत.

बोळातला
टॉर्च घेऊन बघितलं. ६१ नंतर बोटभर जागा आहे आणि २ च्या उजवीकडे अर्धगोल. मला तो ओघळ वाटायचा.

निवृत्त बाई
६१(२). इमारत एकसष्ट, घर दुसरं. कोणत्या जनगणनेचं ते नाही सांगता येणार. अक्षर माझं नसावं, माझा २ फार वाकडा.

बोळातला
म्हणजे तीन महिने मी खानेसुमारीच्या मागे! वर एका कार्यालयात 'जुना नंबर ६१२' म्हणून अर्जही देऊन आलोय. तिथल्या बाबूंनी तो न वाचता ठेवून घेतला, हे बरंच झालं म्हणायचं.
काका, ११८७ चा मोठा दरवाजा मागच्या आळीलाच आहे. आमच्या बाजूला त्यांचं मोरीचं दार. लहानपणापासून तेच पुढचं समजत होतो.

फीतवाले काका
आता मागच्या आळीतून चालत या, नंबर लिहीत. वाडा उतरायच्या आत.

निवृत्त बाई
आणि ती चौकट तेवढी ठेवून घ्या हो.

बोळातला
ठेकेदाराला विचारलं. म्हणतो, सागवान आहे, ठेवायची तर पैसे कापून घेईन.