मदत हवी आहे: तक्त्यातल्या इनलाइन कोडमध्ये बॅकस्लॅशसकट उभी रेघ कशी दाखवायची?

मंडळी, मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी करायची पद्धत) ग्रेपच्या, म्हणजे मजकुरात शोध घेणाऱ्या आज्ञेच्या, पॅटर्नची टिपणं लिहितेय. साध्या परिच्छेदात काही अडचण नाही. इनलाइन कोड म्हणजे ओळीतच बॅकटिकांच्या (उलट्या अवतरणचिन्हांच्या) मध्ये लिहिलेला कोड; त्याच्या आत बॅकटिक हवा असेल तर बाहेर दोन-दोन बॅकटिक द्यायचे, की `` क`ख `` नीट उमटतं. बॅकस्लॅश तिथे कामाचा नाही, इनलाइन कोडमध्ये तो जसाच्या तसा छापला जातो. तेही ठीकच.

गाडी अडते ती तक्त्यात. `क|ख` लिहिलं की रेघेपाशीच रकाना तुटतो, बॅकटिकला विचारतंय कोण! `क\|ख` लिहिलं तर गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या पद्धतीत बॅकस्लॅश गळून नुसती रेघ उरते. एरवी हेच हवं असतं. पण ग्नू ग्रेपच्या साध्या पॅटर्नमध्ये 'हे किंवा ते' म्हणायला बॅकस्लॅशसकट रेघ लागते, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही चिन्हं दिसायलाच हवीत.

दोन बॅकस्लॅश दिले तर एका प्रिव्ह्यूत बरोबर येतं, दुसऱ्यात रकाना पुन्हा फुटतो. एचटीएमएलचा कोड टॅग टाकून रेघेच्या जागी `|` लिहिलं की काम होतं, पण मग कच्ची फाइल वाचवत नाही. सगळीकडे चालेल असं काही आहे का? की तक्ता सोडून सरळ यादीच करू?