बॅलरॅटचा युरेका स्टॉकेड: याला किल्ला म्हणायचं का?

अजिंक्यतारा_रोज:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने मेलबर्नला आले आहे. गेल्या रविवारी जावई बॅलरॅटला घेऊन गेले. सोन्याच्या खाणींचं गाव आणि तिथे 1854 साली खाणीतल्या लोकांनी स्वतः उभारलेला कोट, एवढं ऐकूनच मी उत्साहाने निघाले. रोज पहाटे अजिंक्यतारा चढते मी, त्यामुळे कोट म्हटलं की डोळ्यांपुढे बुरूज येतो. तिथे पाहते तर हिरवळ, झाडं, एक स्मारक. शेजारच्या इमारतीत मंद उजेडात एक फाटका निळा झेंडा, त्यावर पांढरा क्रूस आणि तारे. तटबंदीचा एक दगडही नाही. आणि वाचलं तर म्हणे हा कोट पाव तासात पडला! मग ही माणसं त्याला एवढं का मानतात? कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, नातवाला मोठा झाल्यावर सांगायचं आहे.

दुर्गवेडा:
ताई, दगड शोधू नका. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे: मेढेकोट. लाकडी मेढी रोवून केलेलं कुंपण. तसं पाहिलं तर तो किल्ल्यातच मोडतो. पण तीन दिवसांत घाईने उभा केलेला मेढेकोट कवायती फौजेपुढे टिकणार नव्हताच. माझ्या मते लष्करीदृष्ट्या त्याला महत्त्व नाही.

टिंबर_वणी:
ताई, तो कोट खाणीच्या लाकडाचा होता आणि मला तरी सगळी गोष्ट त्या लाकडातच दिसते.

मी वणीकडच्या भूमिगत कोळसा खाणीत 31 वर्षं काढली. टिंबर मिस्त्र्यांची गँग माझ्या हाताखाली असायची. छत बसायला लागलं की लाकडी टेकू आधी करकरतो. तो आवाज ओळखून आम्ही माणसं बाहेर काढायचो. आता मुलाकडे मेल्टनला राहतो, बॅलरॅट तिथून जवळ, चारदा जाऊन आलो.

1851 मध्ये तिथे सोनं सापडलं ते वरच्या मातीत. घमेल्यात माती धुवायची आणि कण वेचायचे. 1854 पर्यंत ते सरलं. बॅलरॅटच्या युरेका भागातलं सोनं होतं जमिनीखाली गाडल्या गेलेल्या जुन्या ओढ्यांच्या पात्रात. तिथवर पोचायला शंभर फुटांहून खोल शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, खणावा लागे. माती ओली, बाजू ढासळायच्या, पाणी सारखं उपसत राहायचं. म्हणून उतरत जाल तशा चारही बाजूंनी चिरलेल्या लाकडाच्या जाड फळ्या बसवायच्या. त्यांना ते स्लॅब म्हणत. एक शाफ्ट तळाला जायला कित्येक महिने लागत, आणि तळाशी सोनं असेलच याचा भरवसा नाही. खणायच्या लायसन्सची फी मात्र सोनं लागो न लागो भरायचीच. आधी महिन्याला 30 शिलिंग, नंतर 1 पौंड, म्हणजे 20 शिलिंग. त्यात गव्हर्नर हॉथमने आठवड्यातून दोनदा तपासणीचा हुकूम काढला. आता डोळ्यांपुढे आणा: माणूस खाली कमरेएवढ्या गाळात, आणि वरून पोलीस ओरडतोय, लायसन्स दाखव. अंगावर कागद नसेल तर दंड. बरं, हे नियम करणाऱ्या सभेत त्याला मत नाही. मला हे वाचताना राग आवरत नाही.

ऑक्टोबरात जेम्स स्कोबी या खाणकामगाराचा खून झाला. ज्याच्यावर संशय होता तो हॉटेलमालक बेंटली सुटला, तेव्हा जमावाने त्याचं युरेका हॉटेल जाळलं. 29 नोव्हेंबरला खाणकामगारांनी बेकरी हिल या टेकडीवर आपली लायसन्सं जाळली. दुसऱ्या दिवशी, तुम्ही पाहिलात त्याच झेंड्याखाली, त्यांचा पुढारी पीटर लालोरने सगळ्यांना शपथ दिली. आणि मग त्यांनी हाताशी होतं ते घेतलं: शाफ्टसाठी आणलेले स्लॅब, उलट्या केलेल्या गाड्या. साधारण एकरभर जागेभोवती ते रचलं, आत तंबू तसेच. ज्या लाकडाने त्यांचा जीव खाली सांभाळला तेच त्यांनी वर उभं केलं.

दुर्गवेडा, तुमचं म्हणणं लालोरलाही मान्य झालं असतं. त्याने पुढे स्वतःच लिहिलं की ते कुंपण आपली माणसं एकत्र ठेवण्यापुरतं होतं, संरक्षणाचा विचार करून बांधलेलंच नव्हतं.

रविवार, 3 डिसेंबर. शनिवारी रात्री बरीच माणसं पांगली होती, दीडशेच्या आसपास उरली. रविवारी कोण हल्ला करणार, असं वाटलं असावं. पहाटे कॅप्टन थॉमस 276 सैनिक आणि पोलीस घेऊन आला. किमान 22 खाणकामगार गेले, पाचेक सैनिकही. लालोरच्या खांद्याला गोळी लागली. लोकांनी त्याला स्लॅबच्या ढिगाखाली लपवलं आणि शिपाई तिथून निघून गेले. नंतर त्याचा डावा हात कापावा लागला, पण माणूस वाचला.

मेलबर्नकर_मी:
सगळं खरं, पण पुढचंही सांगा ना. 1855 मध्ये इथल्या व्हिक्टोरिया सरकारने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंडांचा कर बसवला. तो चुकवायला चिनी लोक साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरून शेकडो किलोमीटर चालत या खाणींवर येत. आणि ही जमीन मुळात वाडावुरुंग या इथल्या मूळ रहिवाशांची. हक्कांची गोष्ट सांगताना ते वगळलं तर नातवाला अर्धीच गोष्ट कळेल.

टिंबर_वणी:
बरोबर बोललात, ते वगळायला नकोच. जोडीला एक सांगतो. तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्यातला पहिला सुटला तो जॉन जोसेफ, अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय. लोकांनी त्याला खुर्चीत बसवून मेलबर्नच्या रस्त्यांतून मिरवलं. मग बाकीचेही सुटले, एकालाही शिक्षा झाली नाही. ज्युरीत गावातलीच साधी माणसं होती, त्यांनी सरकारचं ऐकलं नाही. मला या कथेतली सगळ्यात मोठी लढाई ती वाटते.

लायसन्स रद्द झालं, त्याऐवजी वर्षाला 1 पौंडाचा मायनर्स राइट नावाचा परवाना आला आणि त्याबरोबर मताचा हक्कही. लालोर 1855 मध्येच विधिमंडळात गेला, 1880 मध्ये सभापती झाला. विधिमंडळात जाण्याच्या वर्षभर आधी याच माणसाला पकडून देणाऱ्यास 200 पौंडांचं इनाम होतं!

अजिंक्यतारा_रोज:
दादा, हात जोडते तुम्हाला. मी नुसती भिंत शोधत होते. एक विचारायचं राहिलं: त्या झेंड्याचा बराच भाग गायब आहे. वाळवी लागली का?

टिंबर_वणी:
नाही ताई. जॉन किंग नावाच्या पोलिसाने तो खांबावरून उतरवला आणि तो किंगच्या घरच्यांकडेच राहिला. 1895 मध्ये त्यांनी तो बॅलरॅटच्या कलादालनाकडे ठेवायला दिला. लोक आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून नेत असत. पुढच्या वेळी जाल तेव्हा ओल्ड सेमेटरीतही जा. खाणकामगारांचं आणि सैनिकांचं अशी दोन्ही स्मारकं एकाच दफनभूमीत आहेत.