शब्दचर्चा : उपग्रहाच्या ‘इंटिग्रिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

दारव्हा तालुक्यातून, प्रश्न

आमच्या वावरांवरून दिवसभर विमानं जातात. कापूस वेचताना मान वर केली की पांढरी रेघ दिसते. वर्गातली पोरं विचारतात, मॅडम, वर तर रस्ता नाही, मग यांना वाट कशी सापडते? म्हणून आठवीच्या मुलांसाठी उपग्रहावरून वाट काढण्याबद्दल चार पानं लिहायला घेतली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना अशा यंत्रणेकडून चार गुण मागते : ॲक्युरसी, इंटिग्रिटी, कंटिन्युइटी, अव्हेलेबिलिटी. पहिलीला अचूकता, तिसरीला सातत्य, चौथीला उपलब्धता. अडले ती दुसरीपाशी. कोशात सचोटी, एकात्मता, अखंडता असे अर्थ मिळतात, पण विमानाला यातलं काहीच लागू पडत नाही. शाळेतले सर म्हणतात, ‘विश्वासार्हता’ लिहून मोकळ्या व्हा. मला तो शब्द पटत नाही, पण का ते सांगता येत नाही.

नागपूरहून

ताई, तुमची शंका रास्त आहे. माझी नोकरी रडारच्या पडद्यासमोर गेली, त्यामुळे या शब्दावर जरा जास्त लिहितो.

विश्वासार्हता म्हणजे वस्तू किती क्वचित बिघडते. इंटिग्रिटी म्हणजे बिघडली तर ती तुम्हाला सांगते का, आणि किती वेळात सांगते. १ जानेवारी २००४ रोजी एका जीपीएस उपग्रहातलं अणुघड्याळ बिघडलं. बाकीचे उपग्रह ठणठणीत होते, म्हणजे रूढ अर्थानं यंत्रणा विश्वासार्हच होती. पण हा एक उपग्रह जवळपास तीन तास चुकीची माहिती देत राहिला आणि ‘मी ठीक आहे’ असंच सांगत राहिला. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते, एवढं मुलांना सांगा, बाकी त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

आपल्याकडे यावर पहारा ठेवते ती ‘गगन’ यंत्रणा, इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. देशभर पंधरा संदर्भ केंद्रं आहेत, त्यातलं एक आमच्या नागपुरात. प्रत्येक केंद्राला स्वतःची जागा काटेकोर ठाऊक असते. उपग्रह वेगळी जागा दाखवू लागला की फरक कळतो. तो बंगळुरूला जातो, आणि तिथून दुरुस्ती किंवा ‘याचं ऐकू नका’ असा इशारा जीसॅट उपग्रहांमार्फत विमानात पोचतो. उंचीसह मार्गदर्शन घेऊन उतरण्याच्या ज्या पातळीसाठी २१ एप्रिल २०१५ ला गगनला मान्यता मिळाली, तिथे इशाऱ्याला जास्तीत जास्त १० सेकंदांची मुदत असते. आणि मोठी चूक इशाऱ्याविना निसटण्याची शक्यता एका उतरणीमागे एक कोटीत दोनपेक्षा जास्त चालत नाही. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानात किशनगडला एटीआर विमान या पद्धतीनं उतरलं.

तेव्हा शब्द असा हवा की त्यात ‘वेळेवर सांगणं’ आलं पाहिजे. मला तो सापडलेला नाही.

वरुडहून

भाऊ, तो शब्द आमच्या वावरात हाय. जागल. कोणी जागली म्हणते. रानडुक्कर, रोही येते म्हणून रातभर मचाणावर बसा लागते. जागल्या डुकरं पकडत नाही, हाकलायलेही चार माणसं लागतेत. त्याचं काम एकच, वेळेवर आरोळी मारणं. आमचा बुढा म्हणे, जागल्या नसला त आपण अर्धी झोप घेतो, पण जागल्या ठेवला अन् तो झोपला त वावर गेलंच समजा, कारण त्याच्या भरवशावर सारेच झोपतेत. तुमच्या त्या तीन तासांचं वाचलं तवा मले हेच आठवलं.

नागपूरहून

दादा, नोकरीत याच्यासाठी पानंच्या पानं वाचली, पण इतकं नेमकं कुठे वाचलं नव्हतं. ‘भरवशावर सारेच झोपतात’ हे तर अगदी खरं. हल्ली विमान स्वतःची जागा उपग्रहावरून काढतं आणि तीच रेडिओवरून नियंत्रकाला कळवतं. उपग्रहानं फसवलं तर वैमानिकाचा नकाशा आणि नियंत्रकाचा पडदा एकाच चुकीवर एकमत होतात. रडार जमिनीवरून स्वतंत्रपणे बघतं, म्हणून ते काढून चालत नाही.

आता आणखी दोन शब्दांची निकड आहे, जॅमिंग आणि स्पूफिंग. उपग्रहाचा संदेश २०,२०० किलोमीटरवरून येतो, पोचेपर्यंत फार क्षीण होतो. त्याच लहरींवर जवळून आरडाओरडा केला की तो ऐकूच येत नाही, ते जॅमिंग. त्याला मी ‘गलका’ म्हणेन. यात निदान यंत्राला कळतं की आपल्याला ऐकू येत नाही. स्पूफिंगमध्ये कोणी हुबेहूब तसाच खोटा संदेश पाठवतं आणि यंत्र आनंदानं चुकीच्या जागी जाऊन बसतं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमेलगत, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, व्यत्ययाच्या ४६५ घटना नोंदल्याचं सरकारनं लोकसभेत सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर दिल्ली विमानतळाजवळ उपग्रहाच्या आधारानं उतरणाऱ्या काही विमानांना खोटे संकेत मिळाले.

वरुडहून

हा त चकवा झाला! रातच्या वक्ती माणूस वावरातच गोल गोल फिरते अन् त्याले वाटते आपण घराकडंच चाललो.

अचलपूरहून

चकवा शब्द शाळेच्या पुस्तकात नको. आम्ही गावोगाव फिरून भूत, चकवा, भानामती यांच्या भीतीविरुद्ध बोलतो. ‘बनावट संकेत’ लिहा, स्वच्छ आहे. आणि एक सूचना : ‘सुरक्षा’ आणि ‘सुरक्षितता’ एक करू नका. घड्याळ बिघडणं हा सुरक्षिततेचा प्रश्न, खोटे संकेत सोडणं हा सुरक्षेचा.

दारव्हा तालुक्यातून

सुरक्षा आणि सुरक्षितता वेगळे केले, आभार. चकव्याबद्दल मात्र मी वरुडच्या दादांच्या बाजूनं आहे. ‘बनावट संकेत’ हे पाठवणाऱ्याचं कृत्य झालं, ज्याची वाट चुकते त्याच्यावर काय गुदरतं ते ‘चकवा’ सांगतो. अंधारात खुणेचं झाड दिसत नाही म्हणून माणूस फिरत राहतो, असा त्याचा उलगडा मी वर्गातच केला. एका मुलीनं लगेच विचारलं, मग विमानाला खुणेचं झाड कोणतं? जमिनीवरून दिशा सांगणारी व्हीओआर आणि अंतर सांगणारी डीएमई ही रेडिओ केंद्रं, धावपट्टीवर नीट उतरायला वाट दाखवणारी आयएलएस, आणि विमानातलं जडत्वावर चालणारं यंत्र, जे बाहेरचं काहीच ऐकत नाही. उपग्रह आले तरी देशात अशा केंद्रांचं किमान जाळं राखून ठेवलं आहे, ते याचसाठी.

आता मजकूर असा झाला आहे : अचूकता, जागल, सातत्य, उपलब्धता. आमच्या बाबांना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं, ‘गगन ही जागल आहे.’ ते म्हणाले, “जागल म्हंजे काम, बाई. नागपूरचं ते केंद्र जागल्या. जागल्या हाय म्हणून जागल झाली असं नसते.” वाक्य बदललं : ‘गगनची पंधरा केंद्रं जागल करतात.’