एकट्याचे भाडे खरेच दुप्पट असते का?
एकट्याने गेल्यास क्रूझचा खर्च थेट दुप्पट होतो, हे नेहमी ऐकू येणारे म्हणणे पूर्णपणे पटत नाही. जाहीर होणारा दर दोघे एका केबिनमध्ये राहतील असे धरून माणशी सांगितलेला असतो, त्यामुळे रिकाम्या खाटेचे भाडे बहुधा एकट्याच्याच माथी बसते. परंतु बंदरशुल्क आणि रोजची टिप सहसा माणशीच लागते. शिवाय ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या क्रूझ कंपनीने २०१० मध्ये ‘एपिक’ जहाजावर खास एकट्यांसाठी स्टुडिओ केबिन आणल्या: जेमतेम १०० चौरस फुटांच्या आणि खिडकी असलीच तर तीही कॉरिडॉरकडे, मात्र सोबतीला स्वतंत्र लाउंज. अशा केबिन मोजक्याच असल्याने त्यांचा दर चढतो आणि कधीकधी साध्या आतल्या केबिनचे दुप्पट भाडेही स्वस्त पडते, तेव्हा करांसह दोन्ही रकमा ताडून पाहूनच आरक्षण करावे.