मधुमेही शिधापत्रिकाधारकाला तांदळाऐवजी ज्वारी आणि डाळ का मिळू नये?

माणदेशी
राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकास दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे, ही मी लहान गोष्ट मानत नाही. परंतु हे धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ, व अंत्योदय कार्डावर वर एक किलो साखर. माझ्या मधुमेही आत्याला डॉक्टरांनी भात कमी करून डाळ आणि भाजी वाढवण्यास सांगितले आहे. महिनाअखेरीस मात्र तिच्या घरात भाताखेरीज दुसरे काही शिल्लक नसते. त्याहून वाईट म्हणजे सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन, न्याहारीच्या नावाने नुसता चहा पिऊन ती खुरपणीला जाते. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही हे न पाहता रक्तातील साखर उतरवते, आणि बांधावर दरदरून घाम फुटून ती दोनदा खाली बसली आहे. ज्याची साखर वाढते म्हणून उपचार चालू आहेत, त्याचीच साखर अन्नाअभावी धोकादायकरीत्या उतरावी, ही विसंगती दूर करणे रेशन दुकानालाही शक्य आहे. मूळ कायद्यात भरड धान्याचा उल्लेख आहेच. तेव्हा मधुमेहाचे निदान झालेल्यास तांदळाच्या जागी ज्वारी मागण्याची मुभा असावी, आणि तामिळनाडूत तूरडाळ 30 रुपये किलोने मिळते तशी ती येथेही मिळावी.

हिशेबी
आपल्या आत्यांविषयी सहानुभूती आहे, परंतु प्रस्ताव पटत नाही. खरीप 2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये आहे आणि साधारण धानाचा 2,369. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. त्यांतील रेशनवरच्यांपुरता विचार केला तरी बोजा लहान नाही. शिवाय निदानाचा दाखला आला की दाखल्याची रांग आली, आणि रांगेमागोमाग दलालही आला. ज्वारीही शेवटी पिष्टमयच आहे. चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढेलच.

माणदेशी
आपण धानाचा भाव तांदळाचा म्हणून वाचलात. शंभर किलो धान भरडले की सरकारी हिशेबाने सुमारे 67 किलो तांदूळ निघतो, म्हणजे क्विंटलभर तांदळामागे नुसत्या धानाचीच किंमत 3,500 रुपयांच्या पुढे जाते. ज्वारीशी उरलेला फरक दोनशे रुपयांच्याही आतला आहे. क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा 500 रुपये मिळत, ते नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. तेथे दाखल्याची अडचण कोणी काढली नाही.

हिशेबी
भरडाईचा मुद्दा मान्य, ती माझी चूक. मात्र ज्वारीला टोके लवकर लागतात आणि ती तांदळासारखी गोदामात टिकत नाही, हा खर्च हमीभावात दिसत नाही. क्षयाची तुलनाही ओढूनताणून आहे, कारण त्याचे उपचार बहुधा काही महिन्यांत संपतात आणि मधुमेह जन्मभर राहतो.

सुपातली
मी आरोग्य खात्यात नोकरी केली आहे, आणि मला दोघांचेही अर्धेच पटते. ज्वारी की तांदूळ या वादात खरी वस्तू, म्हणजे डाळ, मागे पडते आहे. भाताचा घास तोच राहिला तरी सोबत वाटीभर डाळ असेल तर साखर सावकाश चढते आणि भूकही लांबते. महिनाअखेरीचा प्रश्नही केवळ माणदेशी यांच्या आत्यांचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात अल्प उत्पन्न गटातील लोकांना साखर उतरल्यामुळे रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात 27 टक्क्यांनी अधिक आढळले होते, आणि तो अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. दाखल्याला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळे आहे: अनेक गरिबांचे निदानच झालेले नसते, आणि सगळे मधुमेही स्थूल असतात असेही नाही. लहानपणापासूनच्या कुपोषणाशी जोडलेल्या, कृश माणसांना होणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये 'टाइप 5' म्हणून मान्यता दिली आहे. रेशनचे जे व्हायचे ते होईल, पण आत्यांनी गोळी स्वतःहून बंद करू नये. मात्र सकाळी खायला नसते हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. मधुमेहाची दुसरी गोळी असलेल्या नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा साखर अशी उतरत नाही, आणि औषध बदलायचे की नाही हे त्यांना ठरवता येईल.

हिशेबी
डाळ सर्वच कार्डधारकांना, दाखल्याविना, सवलतीच्या दराने द्यावी, एवढ्यापुरता मी विरोध मागे घेतो. ज्वारीबाबत माझे मत कायम आहे.

माणदेशी
आत्या म्हणते, डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी घ्यायला सांगितली. जेवण कधी, हे कोणी विचारलेच नाही. सोमवारी तिच्यासोबत मीच जाणार आहे.