अकोले तालुका: तीन अंगणवाड्या पाहिल्या, लेकीला कुठे घालू?

रानजाई:
दिवाळीनंतर आम्ही चाकण सोडून सासरी राहायला आलो. गाव अकोले तालुक्यात (नगरचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे), राजूरच्या वरच्या अंगाला. लेक साडेतीन वर्षांची. इथून नर्सरीची जीप राजूरला जाते, पण एवढ्या लहान पोरीला रोज जीपमध्ये कोंबायचं नाही, असं मी आणि सासूबाईंनी ठरवलंय. मग उरली अंगणवाडी. पायी जाता येतील अशा तीन आहेत. तिन्ही जाऊन पाहिल्या.

गावठाणातली शाळेच्या आवारात आहे. नवी इमारत, भिंतीवर रंगवलेली रेल्वे, टीव्ही, पाणी शुद्ध करायचं यंत्र. पटावर २६ मुलं. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा मुलं रांगेत बसून टीव्हीवरची गाणी बघत होती आणि ताई मोबाईलवर माहिती भरत होत्या. खेळण्यांची पेटी कुलपात. "मोडतात हो," म्हणाल्या.

ठाकरवाडीतली पूर्वी मिनी अंगणवाडी होती. समाजमंदिराची एक खोली, एका कोपऱ्यात अजून ओल दिसते. १४ मुलं. ताई आधी ठाकरीत बोलतात, मग तेच मराठीत. मुलं चिंचोके मोजून करवंटीत टाकत होती. एका मुलीने माझ्या लेकीचा हात धरून तिला ओढतच त्यात बसवलं. चाकणला दारात रडणारी माझी पोर तासभर माझ्याकडे वळून बघायला तयार नव्हती.

तिसरी ओढ्यापलीकडे. आहार तिथला सगळ्यात चांगला, परसबागेत शेवगासुद्धा आहे. पण पावसाळ्यात ओढा चढतो, म्हणून ती मी सोडलीच.

सासरे म्हणतात गावठाणातली, कारण पहिलीला त्याच शाळेत जायचंय. माझं मन ठाकरवाडीत अडकलंय. आमचं घर गावठाणाच्या हद्दीत येतं, तरी दुसरीकडे नाव घालता येतं का? आणि माझं काही चुकतंय का, तेही सांगा.

कौलारू:
मी रतनवाडीच्या बाजूचा. आपल्याकडचा पाऊस तुम्ही अजून पाहिलेला नाही. जून ते सप्टेंबर ओल्या खोलीत बसलेलं मूल सारखं खोकतं, माझा मुलगा खोकलाय. ताई कितीही चांगल्या असोत, छप्पर आधी बघा.

माजी मुख्यसेविका:
ताई, मी एकतीस वर्षं या कामात होते. शेवटची अठरा वर्षं माझ्या बीटमध्ये, म्हणजे देखरेखीच्या भागात, पंचवीसेक अंगणवाड्या होत्या. तुम्ही जे पाहिलंत तेच पाहायचं असतं. फक्त त्याहून जास्त वेळ बसा.

गावठाणातल्या सेविकेवर लगेच रागावू नका. हजेरी, वजन, उंची, आहार, सगळं पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरायचं. त्यात गरोदर बायांच्या गृहभेटी. रेंज आली की ती आधी मोबाईल धरते, नाहीतर वरून फोन येतो. पण पेटीला कुलूप, हे मला पटत नाही. मोडलेलं खेळणं मी नेहमी चांगली खूण मानत आले.

आता काय बघायचं ते सांगते. ताईला म्हणा, माझ्या मुलीचं वजन-उंची माझ्यासमोर घ्या आणि तक्त्यावर ती कुठे आहे ते दाखवा. जिला हे नीट समजावता येतं, तिचं इतर मुलांकडेही लक्ष असतं. आहार ताटात पडताना बघा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज किती उष्मांक आणि किती प्रथिनं मिळावीत याचा नियम आहे. पातळ खिचडीत प्रथिनं भरत नाहीत, उसळ किंवा डाळ दिसली पाहिजे. मदतनीस आहे का विचारा. मिनी अंगणवाडीत ती नसायची, एकटी सेविका शिजवणार की शिकवणार?

भाषेचं म्हणाल तर ठाकरी ऐकून घाबरू नका. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली. मुलं येईनात तेव्हा त्या वस्तीवर गेल्या आणि तिथल्या अंगणात, हाताला येईल त्या वस्तूंनी शिकवू लागल्या. सरकारची अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तुमच्या ताईच्या करवंटीतले चिंचोके बोर्डीच्याच वाटेवरचे आहेत.

नावाची अडचण नाही. आधारसह नोंद वर्ग करून घेता येते, दोन्ही ताईंशी बोला. आणि कौलारू म्हणतात ते खरं आहे, पण छपरावर उपाय आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून विचारा.

खडू-फळा:
मी जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवतो. सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल कुठल्याही अंगणवाडीतून आलं तरी त्याला प्रवेश मिळतो, आजोबांना एवढं नक्की सांगा. नव्या शैक्षणिक धोरणात अंगणवाडीची तीन आणि पहिली-दुसरीची दोन वर्षं मिळून एकच पायाभूत स्तर धरलाय. माझ्याकडे 'एबीसीडी' म्हणणारी मुलं येतात आणि मोजायला सांगितलं की थांबतात. चिंचोके हाताळलेली मुलं थांबत नाहीत.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा ठाकरवाडीत दहा ते एक बसून राहिले. मदतनीस आहेत, नुकत्याच लागल्यात. मटकीची उसळ आणि भात होता, लेकीने दोनदा घेतला. तिचं वजन १२ किलो ९०० भरलं. ताईंनी तक्ता काढून बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हिरव्यात आहे, पण दर महिन्याला बघत राहू." चाकणला हे मला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

सोमवारपासून ती तिथे जाणार. सासरे काल स्वतः चालत जाऊन खोली बघून आले. बोलले काही नाहीत, पण संध्याकाळी पत्रे किती लागतील ते वहीवर मांडत बसले होते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत छपराचा विषय मी मांडणार आहे. वाडीतल्या तीन आया सोबत येतो म्हणाल्यात. माजी मुख्यसेविका, अर्ज कसा लिहायचा ते जरा सांगाल का?